कॉम्प्युटरमार्गे कन्सोलला नेट : पार्श्वभूमी

विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ साली, कनेक्शन शेअर करायची सोय आली ती घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी. कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी, तिचा वापर पुढे सुरू झाला. आपल्याकडे तो रुळला सप्टेंबर २००६ नंतर, एक्सबॉक्स ३६० भारतात आल्यावर. या कन्सोलमध्ये वाय-फाय नव्हतं. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागे, अमेरिकेतच तो ९९.९९ डॉलरचा होता. २०१०च्या स्लिम मॉडेलपर्यंत हे असंच चाललं. लॅपटॉपवर वाय-फाय घ्यायचं आणि लॅन केबलने कन्सोलला द्यायचं, हा स्वस्त मार्ग होता.

मुंबई-पुण्यात केबलवाल्याचं नेट घेणाऱ्यांना मात्र दुसराच अडथळा होता. अनेक केबलवाले खातं कॉम्प्युटरच्या लॅन कार्डच्या मॅक अ‍ॅड्रेसशी बांधून टाकत, म्हणजे त्या कार्डाच्या ओळख-क्रमांकाशी. शिवाय रोज ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागे. एक्सबॉक्स ३६०च्या सेटिंगमध्ये पर्यायी मॅक अ‍ॅड्रेस टाकता येत असे, तेवढ्याने पहिली अट भागायची. पण लॉगिनचं पान उघडणार कशात? त्या कन्सोलला ब्राउझर मिळाला थेट ऑक्टोबर २०१२मध्ये. म्हणून पीसीत दुसरं लॅन कार्ड बसवायचं, लॉगिन पीसीवर करायचं, पहिल्या कार्डाच्या शेअरिंग टॅबमध्ये टिक करायची आणि दुसऱ्या कार्डातून केबल कन्सोलला न्यायची. कन्सोलला १९२.१६८.०ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कमधला यंत्राचा क्रमांक) मिळाला की जमलं. विंडोज ७ पासून तो १९२.१६८.१३७ने सुरू होऊ लागला आणि जुने आकडे हाताने भरून ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली.

'एका कनेक्शनवर एकच मशीन' ही अट तेव्हाही वादाची होती. नेट वाटून घेणं म्हणजे फुकटेगिरी, असं केबलवाले म्हणत. हे पटण्यासारखं नाही. वेग ठरलेला असे, बऱ्याच प्लॅनना डेटाची मर्यादाही असे. त्याच हद्दीत ग्राहकाने घरातली दोन यंत्रं चालवली तर केबलवाल्याचं काय जात होतं?

नॅट म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवायची सोय; ती आड आली की इतर खेळाडूंशी जोडणी अडते. कन्सोलवर तसा 'स्ट्रिक्ट नॅट' हा इशारा दिसला की खापर फुटायचं पीसीवर. पीसीमुळे नॅटचा एक थर वाढायचा हे खरं, पण बऱ्याच केबलवाल्यांकडून येणारा पत्ताच खासगी, म्हणजे बाहेरून थेट न पोहोचता येणारा, असे. केबल थेट कन्सोलला लावली तरी केबलवाल्याचा थर उरायचाच, आणि ग्राहकाला त्यात पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट, उघडता येत नसे. पुढे, २०१२मध्ये, पुरवठादारांच्या या थरासाठी १००.६४ पासूनचे पत्ते अधिकृतपणे राखून ठेवले गेले. आज फायबर आणि राउटर घरोघरी आहेत, तरी अनेक कनेक्शनांवर हा थर आहेच.

२०१६ साली विंडोज १०मध्ये मोबाइल हॉटस्पॉटचं बटण आलं आणि वाय-फाय असलेल्या पीसीत दुसऱ्या लॅन कार्डाची गरज संपली. घरात राउटर आल्यापासून ही सोय जास्त लागते ती हॉस्टेलमध्ये. कॉलेजच्या वाय-फायला प्रत्येकाचं वेगळं युजरनेम-पासवर्ड लागतं, आणि तसलं एंटरप्राइझ लॉगिन प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेंडो स्विचला जमत नाही. तिथे लॅपटॉप मध्ये घ्यावाच लागतो.