इंग्लंडमध्ये मुलाला मारल्याचं शाळेला कळलं, तर सोशल सर्व्हिसेसची चौकशी कशी चालते

मूल शाळेत सहज बोलून जातं, "काल बाबांनी मारलं." शिक्षिका ते लिहून घेते आणि माहिती कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) चिल्ड्रन्स सर्व्हिसेसकडे, म्हणजे मुलांसाठीच्या सोशल सर्व्हिसेसकडे जाऊ शकते. मूल १८ वर्षांखालचं असलं की झालं. आईवडिलांचा व्हिसा कोणता, याने फरक पडत नाही.

स्कॉटलंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२० पासून आणि वेल्समध्ये २१ मार्च २०२२ पासून शिक्षा म्हणून मुलाला मारायला कायदेशीर बचाव नाही. इंग्लंडमध्ये चिल्ड्रन ॲक्ट २००४ च्या कलम ५८ मुळे ‘रीझनेबल पनिशमेंट’ (वाजवी शिक्षा) हा बचाव उरलाय, पण अगदी चिंचोळा. कातडी थोडा वेळ लाल होण्यापलीकडे वळ किंवा सूज आली, की तो सहसा टिकत नाही. बेल्ट किंवा लाटणं वापरलं असेल तर त्याच्या भरवशावर राहूच नये. शिवाय सोशल वर्कर गुन्हा सिद्ध करायला येत नाही. मुलाला गंभीर इजा होतेय का किंवा होण्याची शक्यता आहे का, एवढं ती बघते. त्यामुळे पोलिसांनी केस सोडली तरी चौकशी चालू राहू शकते.

माहिती आल्यावर पुढे काय करायचं ते कौन्सिल एका कामाच्या दिवसात ठरवते. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमधलं कलम १७ लावलं, तर तो मदतीचा मार्ग आणि त्याला तुमची संमती लागते. कलम ४७ म्हणजे इजेचा रास्त संशय. इथे संमतीसाठी चौकशी अडत नाही. आधी कौन्सिल, पोलीस आणि आरोग्य खातं मिळून स्ट्रॅटेजी डिस्कशन, म्हणजे पुढे काय करायचं याची चर्चा करतात. मग मूल एकटं असताना त्याच्याशी बोलतात, कधी तुम्हाला कळण्याआधी शाळेतच. वैद्यकीय तपासणीला मात्र सहसा पालकांची संमती विचारली जाते.

मुदतींचा घोळ इथेच होतो. पूर्ण असेसमेंटला (कुटुंबाच्या पाहणीला) रेफरलपासून, म्हणजे कौन्सिलकडे माहिती आल्यापासून, जास्तीत जास्त ४५ कामाचे दिवस. चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स (मुलाच्या संरक्षणाबद्दल पालक आणि अधिकाऱ्यांची बैठक) घ्यायची ठरली, तर ती स्ट्रॅटेजी डिस्कशनपासून १५ कामाच्या दिवसांत. म्हणजे ‘४५ दिवस आहेत’ म्हणून निवांत बसलेल्यांना तिसऱ्या आठवड्यातच बोलावणं येतं. तिथे मुलाच्या संरक्षणाचा प्लॅन ठरला, तर १० कामाच्या दिवसांत कोअर ग्रुपची (प्लॅन राबवणाऱ्या छोट्या गटाची) बैठक आणि ३ महिन्यांच्या आत पहिला आढावा.

भरायचा फॉर्म नसतो, पण हे हाताशी ठेवा: मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) नाव, लहान बाळ असेल तर रेड बुक (बाळाच्या आरोग्याची नोंदवही), घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं व जन्मतारखा (भारतातून आलेले आजी-आजोबाही धरून). इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. मुलालाच दुभाषा करू नका. कॉन्फरन्सआधी मिळणारा अहवाल ओळ न् ओळ वाचा आणि चुका लेखी कळवा.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. "आमच्याकडे असंच वळण लावतात" हे उत्तर बचाव म्हणून दिलं जातं. समोरच्याला मात्र त्यातून ‘पुन्हा मारतील’ एवढंच ऐकू येतं. दुसरं, काय बोलायचं ते मुलाला पढवणं. ते पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं. तिसरं, चौकशी चालू असताना मुलाला आजोळी, भारतात पाठवणं. ते पळवून नेल्यासारखं दिसतं, आणि कौन्सिल थेट कोर्टात जाऊ शकते.

तातडीचा धोका वाटला तर पोलीस मुलाला ७२ तासांपर्यंत संरक्षणात ठेवू शकतात. कोर्टाचा तातडीचा आदेश ८ दिवसांपर्यंतचा असतो आणि एकदाच, ७ दिवसांपर्यंत वाढवता येतो. याखेरीज १९८९ च्याच कायद्याच्या कलम २० खाली ‘स्वखुशीने’ मूल कौन्सिलकडे द्यायचा कागद पुढे येऊ शकतो. त्यावर वकिलाशी बोलल्याशिवाय सही नको. केली असली तरी संमती मागे घेता येते. प्री-प्रोसीडिंग्जचं, म्हणजे कोर्टात जाण्याआधीचं, पत्र आलं, तर पालकांना उत्पन्न न तपासता मोफत वकील मिळतो. त्याआधीचा सल्ला फॅमिली राइट्स ग्रुप ही संस्था फोनवर फुकट देते.

पोलीस ‘कॉशन घ्या, इथेच मिटेल’ म्हणाले तर थांबा. कॉशन म्हणजे पोलिसांची औपचारिक ताकीद. ती घेणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, आणि ती पुढे व्हिसा व नागरिकत्वाच्या अर्जात सांगावी लागते. एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) किंवा शाळेत नोकरी असेल, तर तिथेही ती आड येऊ शकते.