कासच्या तळ्यातला गाळ: मोसमी पावसाच्या जुन्या नोंदींची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातला पाऊस सांगताना आपण दोन टोकं सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माणमध्ये जेमतेम पाचशे. पण हे गणित कायम असंच होतं का? भारतीय हवामान खातं 1875 चं. त्यामागे बखरी, कागदपत्रं आणि दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या आठवणी. तोही चौदाव्या शतकाच्या अखेरचा. त्याआधीचं विचारायचं, तर तळ्याच्या तळाशी जावं लागतं.

शेतकऱ्याच्या लेखी गाळ म्हणजे ट्रॉलीनं शिवारात आणून टाकायची कसदार माती. संशोधक पाहतो तो त्यातला थरांचा क्रम: खालचा जुना, वरचा नवा. परागकणांचं कवच इतकं चिवट असतं, की हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. थराथरातले परागकण मोजून त्या काळचा झाडोरा ओळखायची पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी 1916 मध्ये मांडली. थराचं वय मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजानंच ठरे. विलार्ड लिबी यांच्या कार्बन-14 पद्धतीनं, म्हणजे जुन्या अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्यानं, 1949 पासून ती अडचण बरीच सुटली.

अलीकडच्या शंभर-दीडशे वर्षांसाठी कार्बन फार ढोबळ पडतो. तिथे शिसे-210 हे किरणोत्सारी शिसं उपयोगी, कारण ते सुमारे 22 वर्षांत निम्मं होतं. तळ्यांच्या गाळाचं वय या शिशावरून कसं काढायचं, हे 1971 मध्ये दाखवणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल होते. आज ही पद्धत जगभर वापरली जाते. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्याच्या खोलगटात पावसाळी तळी साचतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय भूविज्ञान अध्ययन केंद्रासोबत अशाच एका तळ्याचा गाळ तपासला. परागकण आणि डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं, हे त्यातले साक्षीदार. त्यांवरून साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास इथला पाऊस घटून हवामान कोरडं झाल्याचं दिसलं. सुमारे 2,800 वर्षांपूर्वी मोसमी वारे पुन्हा दुबळे पडले होते. गेल्या हजार वर्षांच्या थरांत घाण पाणी सोसणारे डायटम वाढलेले दिसतात. आसपासची गुरं आणि माणसांचा वावर हे त्याचं संभाव्य कारण.

म्हणून गाळ उपसताना फरक करायला हवा. धरणातला गाळ फार तर धरणाइतका जुना. तो खुशाल शेतात जावा. सड्यावरच्या तळ्यात मात्र एकदा पोकलेन उतरला, की थर एकमेकांत मिसळतात. मग परागकण कितीही सापडोत, कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सांगता येत नाही.