अनुदानित महाविद्यालयांतील शिस्तभंगाचे वाद : शासकीय देखरेख (नागपूर)

खाजगी संस्थेच्या, परंतु शासनाच्या वेतन-अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयात कर्मचाऱ्यावर झालेल्या शिस्तभंगाच्या कारवाईवर बाहेरून राहणारा अंकुश. नेमणूक संस्थेची आणि पगार सरकारचा, या जोडणीमुळे तो सरळ रेषेत चालत नाही.

नागपूर विभागात शासनाचा चेहरा म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालक. सीताबर्डीतल्या जुन्या मॉरिस कॉलेजच्या इमारतीतले हे कार्यालय प्राध्यापकांच्या तोंडी ‘जेडी (जॉइंट डायरेक्टर) ऑफिस’ आहे. कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, चौकशी आणि शिक्षा हे सारे संस्थेच्या हाती. बडतर्फीचा आदेश रद्द करणे सहसंचालकांच्या हाती नाही. त्यांची खरी सत्ता पगारबिलात आहे; अनुदानित महाविद्यालयांची बिले याच कार्यालयात तपासली जातात.

बडतर्फ, पदावनत किंवा सेवा संपवलेल्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ खाली ३० दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरण आदेश रद्द करू शकते, शिक्षा सौम्य करू शकते, थकीत वेतनासह पुन्हा कामावर घ्यायला सांगू शकते. पुढची पायरी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

निकाल हाती आला तरी काम संपत नाही. बडतर्फ माणसाचे नाव पगारबिलातून गेलेले असते आणि त्याच मंजूर पदावर दुसरा नेमला गेला असेल, तर पद एक, माणसे दोन. पहिल्याला हजर करून घेतले तरी त्याचे नाव बिलात कसे बसवायचे? मधल्या वर्षांचा पगार संस्थेने द्यायचा की शासनाने? संस्था जेडी ऑफिसकडे बोट दाखवते आणि जेडी ऑफिस संस्थेच्या प्रस्तावाकडे. सेवापुस्तकातला (नोकरीच्या नोंदवहीतला) मधल्या वर्षांचा खंड भरून निघेपर्यंत निवृत्तिवेतनाचा हिशेबही अडून राहतो.

शासकीय महाविद्यालयांना हा अपिलाचा मार्ग लागू नाही. ज्या मॉरिस कॉलेजच्या जुन्या वास्तूत अनुदानितांची बिले तपासली जातात, ते १८८५ चे कॉलेज (आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था) स्वतः सरकारी. तिथल्या प्राध्यापकाची चौकशी १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांनुसार होते आणि दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे मागावी लागते.