३०० टक्के मृत्यूदराचं ते ऑपरेशन? जरा थांबा

रॉबर्ट लिस्टनची ती गोष्ट तुम्हालाही कुणीतरी फॉरवर्ड केलीच असेल, की 19व्या शतकातल्या या सर्जनने घाईघाईत पाय कापताना असिस्टंटची बोटं पण उडवली, पेशंट आणि असिस्टंट दोघं गँगरीनने गेले, आणि बघायला आलेला एक जण नुसत्या भीतीनेच गेला, म्हणजे एका ऑपरेशनमध्ये तीन मृत्यू! ऐकायला भारी, पण त्या काळातला एकही कागद याला आधार देत नाही, किस्सा पसरला तो 1983 च्या एका लोकप्रिय पुस्तकातून, म्हणजे लिस्टन जाऊन 136 वर्षं झाल्यावर.

बाबा फास्ट होता हे मात्र खरं. भूल नव्हती हो तेव्हा, पेशंट शुद्धीत, मग जितकं लवकर उरकेल तितका त्याचा त्रास कमी. एडिनबर्गला अ‍ॅनाटॉमी शिकवून हा लंडनला प्रोफेसर झाला, आणि तिथे 1835 ते 1840 मध्ये त्याने केलेल्या 66 अवयवछेदनांपैकी 10 पेशंट गेले, जे त्या काळात चांगलंच म्हणायचं. आणि गंमत बघा, 21 डिसेंबर 1846 ला ईथर, म्हणजे भूल देणारं औषध, देऊन पाय कापला तो पण यानेच, म्हणजे स्वतःच्या स्पीडची गरजच संपवली की!