डिश ओरडते किती, यापेक्षा ऐकते किती

माझा मावसभाऊ कोकणात केबल टीव्हीचा धंदा करायचा. मोबाइलने तो धंदा खाल्ला, तेव्हा त्याने बिनतारी इंटरनेट द्यायचं मनावर घेतलं. फायबर खाडीच्या पलीकडे येऊन थांबलेला. अलीकडे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, मधे आमराया. रीतसर परवान्याचं मार्गी लागल्यावर त्याने मला फोन केला, "सगळ्यात जास्त पॉवरचं मशीन कुठलं ते सांग, तेच घेऊन टाकतो."

पॉवरचा विषय मात्र सरकारनेच मिटवून ठेवलाय. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे लहरींचे पट्टे भारतात मुक्त झाले. मुक्त म्हणजे लहरींसाठी वेगळे पैसे नाहीत. इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतोच. आणि या पट्ट्यांत किती जोरात ओरडायचं याला मर्यादा आहे. डिश मोठी लावली की लहरी एकाच दिशेला एकवटतात, म्हणून रेडिओची, म्हणजे लहरी सोडणाऱ्या-पकडणाऱ्या यंत्राची, शक्ती तेवढी उतरवायची, असा तो हिशेब. म्हणजे मोठ्या डिशने आवाज वाढत नाही. वाढतं ते ऐकणं, आणि ऐकण्यावर कुणाची मर्यादा नाही.

थोडं गणित करू. डिशच्या दिशेने निघणारी परिणामी शक्ती ४ वॉट धरा, म्हणजे ३६ डीबीएम. डीबीएम हे शक्तीचं माप, डेसिबलमधलं: आकडा दहाने उतरला की शक्ती दहापट कमी. ५.८ गिगाहर्ट्झची लहर १० किलोमीटर मोकळ्या हवेतून गेली की वाटेत सुमारे १२८ डेसिबल गमावते. पलीकडे संदेश ३० डेसिबलने वाढवणारी डिश असेल तर हाती उरतात उणे ६२ डीबीएम. एका वॉटचे दीडशे कोटी भाग केले तर त्यातला एक! तरीही काम झकास होतं, कारण रेडिओचा स्वतःचा गोंगाट त्याच्याही दोन हजारपट खाली असतो. दुकानदार खोक्यावरचा वेगाचा मोठा आकडा दाखवतो, तो गोंगाट आणि संदेश यांच्यातलं हे अंतर भरपूर असेल तेव्हाचा. हे अंतर चांगलं असलं की लहरीच्या एका ठोक्यात ८ बिट बसतात, कमी झालं की २ बिट.

आता हेच गिऱ्हाइकांना लावून पाहा. टॉवरवरची एक अँटेना, जिला सगळे सेक्टर म्हणतात, वीसेक घरांना पाळीपाळीने वेळ देते. त्यातलं एक घर आंब्याच्या झाडाआड आहे. ओल्या पानांतून लहर जाताना पाणी तिला पिऊन टाकतं, म्हणून त्या घराला २ बिटांवर भागवावं लागतं. तोच व्हिडिओ पाहायला ते घर शेजाऱ्याच्या चौपट वेळ हवा अडवतं. पैसे वाचवायला त्याला छोटी डिश दिली, तर भुर्दंड उरलेली १९ घरं भरतात. मावसभावाने पहिल्या खेपेला नेमकं हेच केलं: टॉवरवर महागाचं यंत्र, घरांवर स्वस्तातलं. मी उलटं केलं असतं.

आणखी एक गोची म्हणजे घरगुती वाय-फायची रीत. आधी कानोसा घे, कुणी बोलत नसेल तर बोल. हा कानोसा ९ मायक्रोसेकंदांच्या मापाने चालतो, पण १० किलोमीटर जायला लहरीला ३३ मायक्रोसेकंद लागतात. शिवाय प्रत्येक घराची डिश टॉवरकडे तोंड करून बसलेली; शेजारी बोलतोय हे तिच्या कानावरच येत नाही. मग दोघे एकदम बोलतात आणि दोघांचंही वाया जातं. म्हणून या धंद्यातले रेडिओ टॉवरकडून वेळ वाटून घेतात. युबिक्विटी, मायक्रोटिक, कॅम्बियम या कंपन्यांच्या त्यासाठी आपापल्या पद्धती आहेत, आणि एकीची पद्धत दुसरीला सहसा कळत नाही. टॉवरवर एक ब्रँड चढवला की घराघरांत तोच आला. तेव्हा पुढची दहा वर्षं सुटे भाग कुठे मिळतील, हे वेगापेक्षा आधी विचारावं. एकाच खांबावर तीन-चार सेक्टर असतील तर जीपीएसच्या घड्याळावर चालणारे घ्यावेत. सगळे एकदम बोलतात, सगळे एकदम ऐकतात. नाहीतर एक ऐकत असताना दुसरा त्याच्या कानाशी ओरडतो.

डिश लावायला मी स्वतः गच्चीवर होतो. अशा डिशचा झोत पाचेक अंशांचा. एक अंश चुकला तर १० किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर बाजूला. आम्ही डिश हळूहळू फिरवली, उणे ८१ दिसलं, लिंक जुळली, भावाने नट आवळायला पाना काढला. मी म्हटलं, "थांब रे, आपल्या हिशेबाने आकडा उणे ६० च्या आसपास यायला हवा." मुख्य झोताच्या कडेला लहान, दुबळे झोत असतात; आम्ही त्यातल्या एकात अडकलो होतो. आणखी थोडी फिरवली आणि आकडा उणे ६३ वर आला. कागदावर आधी आकडा काढलेला नसता तर ती डिश आजही तशीच वाकडी असती.

समोरचा टॉवर डोळ्याला दिसला म्हणजे झालं, असंही नाही. १० किलोमीटरच्या मध्यावर लहरीला सरळ रेषेभोवती ११ मीटर त्रिज्येची जागा हवी असते. त्यातली निदान ६० टक्के मोकळी पाहिजे, म्हणजे खालच्या माडांच्या शेंड्यांपासून ७ मीटर वर. आणि माड दरवर्षी वाढतात.

रेडिओव्यतिरिक्त सामानाला कमी लेखू नका. बाहेरची काळी केबल, खाऱ्या वाऱ्यात टिकणारे क्लॅम्प, अर्थिंग, बॅटरी. पहिल्याच जुलैत आमचा रेडिओ वर ठणठणीत आणि खोलीतला ॲडॅप्टर पाण्याने भरलेला. केबलच्या आवरणाला वर चीर होती, पाणी आतून सरळ खाली आलं. आता केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक वळण देतो, बाहेरचं पाणी तिथेच गळून पडतं. वरची जोडणीही टेप लावून बंद करतो. खर्च शून्य.

यानंतर खाडीवरची लिंक रोज काही वेळ ढेपाळू लागली. भाऊ मोठ्या डिशांची ऑर्डर द्यायला निघाला. मी त्याला आठवडाभर वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. वही मावशीने पाहिली. तिचं माहेर मच्छीमारांचं. "ही तर भरती-ओहोटी," ती म्हणाली. तक्रारीची वेळ दर दिवशी पाऊणएक तासाने पुढे सरकत होती. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून परतलेली लहर, दोन्ही डिशमध्ये भेटत होत्या. लहरीची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर. पाणी दोनेक मीटर चढलं-उतरलं की दोघींच्या वाटेतला फरक काही सेंटिमीटरने बदलतो, आणि काही वेळा त्या एकमेकींना मारतात. आम्ही डिश खांबावरून तीन मीटर खाली, गच्चीच्या कठड्यामागे आणली. पाण्यावरून येणारी लहर कठड्याला अडली, सरळ येणारी वरून निघून आली. डिशांची ऑर्डर रद्द झाली. त्या पैशांत भावाने दोन रेडिओ जास्तीचे घेऊन कपाटात ठेवलेत, गणपतीत वीज पडून एखादा गेलाच तर.