दर सहा मिनिटांनी बदलणारा टोल

डिसेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टन शहराकडे जाणाऱ्या आय-६६ महामार्गावर बदलता टोल सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गर्दीत जेमतेम सोळा किलोमीटरसाठी एकट्या चालकाला ४० डॉलर पडले आणि ‘ही तर लूट’ अशी ओरड झाली. टोल म्हणजे रस्त्याच्या खर्चाची वसुली, हीच आपलीही समजूत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शुक्रवारी संध्याकाळी जेवढा टोल, तेवढाच मंगळवारी पहाटे तीन वाजताही. आय-६६ वरच्या टोलचं काम मात्र निराळं आहे. तो गाड्यांची घनता आवरतो. हे घनतेचं गणित मला फार आवडतं, म्हणून तिथेच जरा रेंगाळतो.

एका लेनच्या कडेला उभं राहून तासाभरात किती गाड्या गेल्या ते मोजा, हा प्रवाह. एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत ते मोजा, ही घनता. घनतेला वेगाने गुणलं की प्रवाह मिळतो. समजा किलोमीटरला २० गाड्या आहेत आणि वेग ताशी १०० किलोमीटर. तासाला २००० गाड्या गेल्या. चांगल्या महामार्गाची एक लेन साधारण एवढंच पेलते. आता त्याच किलोमीटरमध्ये ५० गाड्या शिरल्या. पुढची गाडी इतकी जवळ आली की कुणीही ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणारच. वेग ३० वर आला, तर प्रवाह १५००. रस्त्यावर गाड्या अडीचपट, पण पलीकडे पोचणाऱ्या पाचशेने कमी! ८० गाड्या झाल्या आणि वेग १० वर आला, की अवघ्या ८००. वेग आणि घनतेचं हे नातं ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकी अभियंत्याने १९३० च्या दशकात ओहायोतल्या रस्त्यांचे फोटो काढून मोजलं होतं.

आडव्या अक्षावर घनता आणि उभ्या अक्षावर प्रवाह घेतला, तर टेकडीसारखा वक्र मिळतो. या वक्राचा एखाद्या ठिकाणचा चढ म्हणजे घनतेतल्या बदलाची लाट रस्त्यावरून सरकण्याचा वेग. माथ्याच्या डावीकडे चढ धन, म्हणून लाट गाड्यांच्याच दिशेने पुढे जाते. उजवीकडे तो ऋण होतो आणि लाट उलटी, मागून येणाऱ्यांच्या अंगावर सरकू लागते. जपानमध्ये काही संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना अपघात, ना खड्डा. तरीही थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. २००८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एकदा प्रवाह असा मोडला की चार गाड्या कमी झाल्याने तो लगेच सावरत नाही. कोंडीच्या तोंडातून सुटणाऱ्या गाड्यांचा दर आधीच्या कमाल दरापेक्षा कमीच भरतो.

म्हणून एक्सप्रेस लेनवर, म्हणजे टोल भरून वापरायच्या वेगळ्या लेनवर, सगळी धडपड माथ्याच्या अलीकडे राहण्याची. सॅन दिएगोजवळ आय-१५ महामार्गावर १९८८ पासून कारपूलसाठी, म्हणजे एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी, राखीव लेन होत्या आणि त्यांत जागा शिल्लक राहत होती. १९९६ च्या अखेरीस ती जागा एकट्या चालकांना मासिक पासने विकायला सुरुवात झाली आणि १९९८ पासून दर फेरीला बदलता टोल आला. गाड्या मोजायच्या आणि दर सहा मिनिटांनी टोल ठरवायचा. एरवी तो अर्ध्या डॉलरपासून चार डॉलरपर्यंत असे, फारच गर्दी झाली तर आठपर्यंत. आकडा लेनच्या तोंडाशी फलकावर दिसतो. नको असेल तर शेजारची बिनटोलची लेन आहेच. कारपूलवाल्यांना आत फुकट.

माणसं मात्र सूत्राप्रमाणे वागतातच असं नाही. मिनिसोटातल्या अशा लेनवर टोल वाढवल्यावर आत शिरणारे एकटे चालक वाढले! टोल चढलाय म्हणजे पुढे बिनटोलच्या लेन तुंबल्या असणार, असा अर्थ त्यांनी काढला असावा. एआय बसवलं की कोंडी गायब, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं. सेन्सर कितीही हुशार असला, तरी माथ्यापलीकडे गेलेल्या ५० गाड्या तो २० करू शकत नाही. त्यांतल्या ३० जणांना दुसरी वेळ, दुसरी वाट किंवा दुसरं वाहन शोधावंच लागतं.

श्रीमंतांना वेगळी लेन कशाला, हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्याचं उत्तर टोलच्या पैशाचं काय होतं यावर अवलंबून आहे. सॅन दिएगोत त्या पैशातून याच मार्गावर बससेवा चालवली गेली. चाळीस माणसं नेणारी बस रस्त्यावर दोन-तीन गाड्यांची जागा व्यापते, आणि मोकळ्या राखलेल्या लेनमुळे तिला वेळापत्रकही पाळता येतं.