स्पेशल कन्सिडरेशन : ऐन परीक्षेत आजारी पडलेल्या मुलांच्या मार्कांचं काय होतं

शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेत ऐन पेपरच्या दिवशी ताप चढला, हात मोडला, घरात कोणी गेलं, तर त्या पेपरच्या मार्कांत नंतर जी छोटीशी भर घातली जाते तिला ब्रिटनमध्ये स्पेशल कन्सिडरेशन म्हणतात. मराठीत विशेष विचार म्हणता येईल, पण तिकडे राहणारी आपली मंडळीही इंग्रजी शब्दच वापरतात. ही नोंद मुख्यतः इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या जीसीएसई आणि ए लेव्हल या परीक्षांबद्दल आहे, कारण आजारपणाला किती मार्क द्यायचे हे तिथे आकड्यांत लिहून ठेवलंय आणि ते सगळ्यांना वाचता येतं. आपल्याकडच्या दहावी-बारावीत असं काही नाही, तिथे वेगळा रस्ता आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

जीसीएसई ही साधारण सोळाव्या वर्षी होते, म्हणजे आपली दहावी-अकरावी समजा, आणि ए लेव्हल अठराव्या वर्षी, युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशनच्या तोंडावर. पेपर मे आणि जूनमध्ये असतात, रिझल्ट ऑगस्टमध्ये. तिथे आपल्यासारखं एक राज्य एक बोर्ड नाही, एक्यूए, ओसीआर, पिअर्सन, वेल्सचं डब्ल्यूजेईसी, उत्तर आयर्लंडचं सीसीईए अशी बरीच बोर्डं आहेत आणि एकाच मुलाचं गणित एका बोर्डाचं तर इंग्रजी दुसऱ्याचं असं सर्रास असतं. म्हणून या बोर्डांनी मिळून जॉइंट कौन्सिल फॉर क्वालिफिकेशन्स, जेसीक्यू, ही संस्था केली आणि सवलतींचे नियम तीच छापते. त्यामुळे आजारी पोराला कुठल्या बोर्डाचा पेपर होता यावर त्याचं नशीब ठरत नाही.

आधीची सवलत आणि नंतरची सवलत

इथे लोकांचा गोंधळ होतो. ज्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, कमी दिसतं, किंवा कायमचा काही त्रास आहे त्याच्यासाठी ॲक्सेस अरेंजमेंट्स नावाची वेगळी सोय असते, म्हणजे २५ टक्के जादा वेळ, लेखनिक, मध्ये थांबून विश्रांती, मोठ्या अक्षरातला पेपर वगैरे, आणि ती परीक्षेच्या बरीच आधी मंजूर करून घ्यावी लागते. स्पेशल कन्सिडरेशन मात्र पेपर झाल्यानंतरचं आहे आणि ते तात्पुरत्या संकटासाठी आहे, जे आधी कळणं शक्यच नव्हतं. दमा कायमचा आहे म्हणून मार्क मिळत नाहीत, पण त्याच आठवड्यात दम्याचा जोरदार ॲटॅक आला तर मिळू शकतात.

मधलीही एक पायरी आहे. पेपरच्या दोन दिवस आधी उजवा हात मोडला तर शाळा घाईघाईत लेखनिक किंवा लॅपटॉप देऊ शकते, आणि मुलगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असेल पण लिहिण्याच्या स्थितीत असेल तर सुपरवायझर पाठवून तिथेच, बेडशेजारी, पेपर घेता येतो. पोराला लिहू देता आलं तर आधी लिहू द्या, मार्कांची भर हा त्यानंतरचा उपाय, असा एकूण विचार आहे आणि मला तो बरोबर वाटतो, कारण स्वतः लिहिलेल्या उत्तराची जागा अंदाजाने भरलेला आकडा घेऊ शकत नाही.

एक ते पाच टक्के

भर किती? जास्तीत जास्त ५ टक्के, आणि ते त्या पेपरच्या एकूण मार्कांच्या. मुलाला जे पडले त्याच्या पाच टक्के नाहीत, तर पेपर १०० चा असेल तर ५ मार्क, ८० चा असेल तर ४. हे वरचं टोक फक्त सगळ्यात दुःखद प्रसंगांसाठी राखलेलं आहे, म्हणजे मुलाला स्वतःला किंवा आईवडलांपैकी कोणाला असा आजार आहे की ज्यातून बरं होणं नाही, किंवा गेल्या दोन महिन्यांत आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कोणी गेलंय. जिवावरचं दुखणं, मोठं ऑपरेशन, गंभीर ॲक्सिडेंट असेल तर ४ टक्के. नुकताच मोडलेला हात, फिट्स किंवा डायबेटिससारखा जुना आजार परीक्षेच्या वेळीच उसळणं, जवळच्या मित्राचा मृत्यू याला ३.

पण नेहमीच्या आजारपणाची मुलं येतात ती २ टक्क्यांत, साधा नियम आहे की पेपरच्या वेळी आजारी होता. ताप, उलट्या, डोक्याला मार लागून गरगरणं, हाड मोडून आता जुळत आलेलं, हे सगळं इथे. आणि १ टक्क्यात किरकोळ वाटणारी दुखणी, ज्यात हे-फीव्हर म्हणजे परागकणांची ॲलर्जी येते. किरकोळ म्हटलं तरी मे-जून हा तिकडे गवत फुलण्याचाच हंगाम, नाक गळतंय, डोळे चोळून लाल झालेत आणि समोर दीड तासाचा पेपर, ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना विचारा. हॉलमध्ये दुसऱ्याच मुलाला उलटी झाली, धावपळ झाली, बाहेर बराच वेळ ड्रिलचा आवाज येत राहिला, तरी त्या खोलीतल्या बाकीच्यांना १ टक्का मिळू शकतो.

आता हिशोब करून बघा. जीसीएसई गणिताचे एक्यूए आणि पिअर्सन या बोर्डांत ८० मार्कांचे तीन पेपर असतात, एकूण २४०. तिन्ही पेपरना मुलगी तापात होती आणि तिन्हीला २ टक्के मिळाले तरी भर जेमतेम पाच मार्कांची. तापात सोडून दिलेला एखादा मोठा प्रश्नच तेवढ्याचा असतो. म्हणून आईवडलांना वाटतं की अर्ज मंजूर झाला म्हणजे ग्रेड वाढली, तसं होतंच असं नाही, खरं तर बऱ्याचदा होत नाही, जो मुलगा पुढच्या ग्रेडच्या अगदी उंबरठ्यावर असतो त्यालाच फरक पडतो. जेसीक्यू हे स्पष्टच सांगते की मूल निरोगी असतं तर किती पडले असते हे कोणालाच काढता येत नाही, आणि खूप मोठी भर घातली तर मग त्या सर्टिफिकेटवर विश्वास कसा ठेवायचा, म्हणून भर लहान. कळतं ते डोक्याला, पण वडील जाऊन महिना झालेल्या मुलाला शंभरात पाच मार्क, हे वाचताना पोटात कालवतंच.

पेपरच चुकला तर

हा भाग नीट समजून घ्यावा. मूल पेपरला बसूच शकलं नाही आणि कारण खरं आहे, तर त्या विषयाच्या बाकीच्या पेपरांवरून चुकलेल्या पेपरचा हिशोब करून ग्रेड देता येते. अट अशी की त्या विषयाच्या एकूण मूल्यमापनाच्या निदान २५ टक्के भाग मुलाने पूर्ण केलेला असावा. तीन पेपरांपैकी एक दिला, दोन चुकले, तरी ३३ टक्के झाले, म्हणजे बसतं. एकही पेपर झाला नाही तर मात्र काही करता येत नाही, मग पुढच्या वेळी बसायचं, आणि इंग्लंडमध्ये जीसीएसईची नोव्हेंबरची परीक्षा फक्त इंग्रजी आणि गणिताची असते, बाकी विषयांना पुढचा उन्हाळा.

यातून घरोघरी एक अवघड प्रश्न उभा राहतो, १०२ ताप आहे, पाठवायचं की नाही? गेला तर जे लिहिलं ते अधिक दोन टक्के, नाही गेला तर बाकीच्या पेपरांवर ग्रेड. शाळा सहसा सांगतात की जमत असेल तर या, आणि ते ठीकच आहे, कारण पुढच्या पेपरचा काय भरवसा, पण जे पोर उभंही राहू शकत नाही त्याला ओढत नेऊन हॉलमध्ये बसवण्यात काही शहाणपण नाही.

अर्ज कोण करतं

आईवडील नाही, मूल नाही, शाळा. प्रत्येक शाळेत एक्झाम्स ऑफिसर असतो, त्याने बोर्डाकडे अर्ज टाकायचा, हल्ली ऑनलाइन. पेपर चुकवावा लागला तर मुलाने आपल्या आजाराबद्दल स्वतः भरून द्यायचा एक फॉर्मही आहे, फॉर्म १४, त्यामुळे दर वेळी डॉक्टरचं पत्र हवंच असं नाही, शाळेची खात्री पटली पाहिजे एवढं. शेवटचा पेपर झाल्यावर मुदत थोडेच दिवस असते. किती टक्के दिले यावर बोर्ड पालकांशी चर्चा करत नाही.

म्हणून खरी गोष्ट एकच लक्षात ठेवायची, त्याच दिवशी शाळेला सांगायचं. सकाळी बरं वाटत नसेल तर सकाळी फोन, हॉलमध्ये चक्कर आली तर तिथल्या तिथे सुपरवायझरला, म्हणजे ते कागदावर लिहिलं जातं. आपल्याकडची पोरं गप्प बसतात, त्रास होतोय हे सांगणं म्हणजे कारणं सांगणं अशी सवय लागलेली असते, भारतातून नुकत्याच गेलेल्या कुटुंबांना तर अशी काही सोय आहे हेच माहीत नसतं, आणि रिझल्ट लागल्यावर ऑगस्टमध्ये सांगून उपयोग नसतो.

कशाकशाला मिळत नाही तेही लिहिलेलं आहे. टाइमटेबल चुकीचं वाचलं, घर बदललं, सुट्टीवर गेलो, अभ्यास झाला नव्हता, दारू किंवा ड्रग्ज घेतले होते, यातलं काही चालत नाही. वर्षभर विषयाला शिक्षकच नव्हता तरीही नाही. हे शेवटचं मला फार खटकतं कारण त्यात पोराचा काडीचाही दोष नसतो, पण नियम असा की ही सोय परीक्षेच्या वेळच्या अडचणीसाठी आहे, शिकवण्यातल्या कमतरतेसाठी नाही.

बाकी ठिकाणी थोडक्यात सांगायचं तर स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे, तिथे शाळा मुलाचं आधीचं काम, सराव परीक्षेचे पेपर वगैरे पुरावा म्हणून पाठवते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये इलनेस मिसॲडव्हेंचर नावाचा अर्ज असतो, व्हिक्टोरियात मुलाच्या इतर मूल्यमापनावरून त्या पेपरचा स्कोअर काढतात. मुंबई-पुण्यातल्या इंटरनॅशनल शाळांत केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही परदेशी बोर्डं चालतात, त्यांचेही या धर्तीचे स्वतःचे नियम आहेत, तेव्हा तिथल्या पालकांनी शाळेच्या कोऑर्डिनेटरला आधीच विचारून ठेवावं.

आपल्या दहावी-बारावीत

महाराष्ट्र राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकी कांजिण्या आणि उन्हाळी तापाच्या दिवसांत. कांजिण्या आलेल्या मुलाला केंद्रावर वेगळ्या खोलीत बसवून पेपर घेतात, हात फ्रॅक्चर झाला तर विभागीय मंडळाच्या परवानगीने खालच्या इयत्तेतला लेखनिक मिळतो, तोंडी किंवा प्रॅक्टिकल आजारपणामुळे राहिली तर लेखी परीक्षेनंतर आऊट ऑफ टर्न घेतात. दिव्यांग मुलांना जादा वेळ आणि लेखनिक आहेच, आणि याबाबत सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला की ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी ज्याला लिहिताना खरोखर अडचण आहे त्याला लेखनिक नाकारता येणार नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आत न्यायला परवानगी दिली, ऐकायला छोटी गोष्ट आहे पण त्या पोरांसाठी ती जिवाची आहे.

पण आजारपणाचे मार्क? नाहीत. लेखी पेपर चुकला की गैरहजर, आणि मग पुरवणी परीक्षा. ही पूर्वी ऑक्टोबरला व्हायची, तोवर कॉलेजं सुरू होऊन वर्ष हातचं गेलेलं असायचं. दहावीची २०१५ पासून जुलैमध्ये घ्यायला लागले आणि २०२५ ला तर ती २४ जूनलाच सुरू झाली, यामुळे हजारो पोरांचं वर्ष वाचतं हे मान्य करायलाच हवं. तारीख देणं हा मार्क देण्यापेक्षा एका अर्थी जास्त प्रामाणिक उपाय आहे, बरं होऊन ये आणि स्वतः लिही. अडचण त्या मुलाची आहे जो घरी थांबला नाही, तापात गेला, सलाईन लावून आल्यावर बसला, कसेबसे ५५ मार्क काढले. तो पास आहे, त्यामुळे त्याला पुरवणीची गरज नाही असं कागद म्हणतो, आणि तो आजारी होता याची नोंद कुठेच नाही. श्रेणीसुधारला बसता येतं पण तोवर ॲडमिशनची यादी लागून गेलेली असते. आणि जादा मार्क द्यायची आपल्या मंडळाला सवय नाही असंही नाही, खेळाडूंना मिळतात, लोककलेचे मिळतात, इंटरमीजिएट चित्रकलेच्या ग्रेडप्रमाणे ३, ५ किंवा ७ मिळतात, तेव्हा तापाने फणफणलेल्या पोराला शंभरात दोन मार्क द्यायचा नियम इथे बसणारच नाही असं म्हणायला मला काही कारण दिसत नाही.

उलट चुकलेला पेपर बाकीच्यांवरून भरून काढणं हे आपण एकदा करून बसलोय, आणि तेही सगळ्या राज्यासाठी. २०२० मध्ये दहावीचा शेवटचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, करोनामुळे तो आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला आणि दिलेल्या इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे मार्क लावले, १७ लाखांच्या आसपास मुलांना. पुढच्या वर्षी तर सगळी परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी-प्रॅक्टिकलचे २० असं धरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. २०२० मध्येच नीटची परीक्षा करोना किंवा कंटेनमेंट झोनमुळे चुकलेल्या मुलांसाठी सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने १४ ऑक्टोबरला पुन्हा घेतली गेली आणि दोन दिवसांत सगळ्यांचा निकाल एकत्र लागला. एरवी नीटच्या दिवशी डेंग्यू झालेल्या मुलाला पुढच्या मे महिन्याची वाट बघावी लागते.